धुतलेली मुळं

माझ्या गाळ्यावरून मातीचा माल कधी गेला नाही. मुळा असो, अळकुडी असो, आलं असो, मी ते धुऊन, निथळून मगच काट्यावर ठेवायचे. माती लागलेली अळकुडी वजनात भरते हे विकणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्यालाही. घेणारा तोंड उघडायच्या आत आपणच माती काढून टाकली की भाव पाडायला त्याच्याकडे काही उरत नाही. वाशीच्या भाजीबाजारात माझ्याशी घासाघीस करायला बाप्ये घाबरायचे, ते या एका सवयीमुळे. माझ्या मालात खोट काढायची सोयच नसायची.

ही सवय मला कुणी शिकवली नाही. नवरा गेला, मी तळवलीला माहेरी परत आले आणि पाटी डोक्यावर घेऊन पावणे गावातल्या कारखान्यांच्या फाटकांपुढे भाजी विकायला बसले. सुटीचा भोंगा झाला की कामगार बाहेर पडायचे, त्यांना घाई असायची आणि घाईतला माणूस स्वच्छ जुडी आधी उचलतो. तिथून पुढे बाजारातला गाळा, हे सगळं मी एकटीने केलं. कुणाचे उपकार नाहीत माझ्यावर. म्हणून कुणी मला काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. त्या वेळीही फिरलं.

बाबा शेती करायचे. म्हणजे कागदावर करत नव्हते. खाडीकाठची आमची जमीन नव्या शहरासाठी सरकारने केव्हाच घेतली होती आणि सातबाऱ्यावरून बाबांचं नाव गेलं होतं. पण घेतलेल्या जमिनीवर लगेच काही बांधलं नव्हतं. आजूबाजूला भराव पडत गेला, इमारती उठल्या, तरी खाडीच्या बांधालगतची आमची एक पट्टी तशीच राहिली. बाबा पावसाळ्यात तिथे राता पेरायचे. राता म्हणजे आमचा लाल तांदूळ, खाऱ्या जमिनीतला. बांध फुटून भरतीचं पाणी शिरलं तरी हा मान टाकत नाही. मी त्यांना किती वेळा सांगितलं, सोडा आता, परक्याच्या जमिनीत राबताय. ते म्हणायचे, "जमिनीला कोनी सांगितलं का, ती परक्याची झाली म्हनून?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका पावसाळ्यात साताऱ्याकडची एक मुलगी बांधावरून चालत आली. पंचविशीची असेल. पायात रबरी बूट, खांद्याला झोळी. मुंबईतल्या एका कॉलेजात ती वनस्पतींवर संशोधन करत होती आणि कोपरखैरण्यात खोली घेऊन राहत होती. मिठात तग धरणाऱ्या भाताच्या मुळांचा तिचा अभ्यास होता. तिला बाबांच्या शेतातले भाताचे ठोंब मुळासकट हवे होते, तीन वेळा: फुटवे आल्यावर, फुलोऱ्यावर आणि दाणा पिकल्यावर.

बाबा लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, थांबा.

"फुकट काय म्हनून द्यायचं?" मी तिला विचारलं.

ती गांगरली. "मावशी, माझ्याकडे काही फार नाही. स्टायपेंड मिळतं, त्यातून…"

"पैसे कोन मागतो? तू या मुळांवर पुस्तक लिवनार ना?"

"प्रबंध. हो."

"छापनार?"

"टाइप करून बांधायचा. कॉलेजच्या लायब्ररीत राहतो तो."

"मग त्यात आमचं शेत लिवायचं. तळवलीच्या खाडीवरचं, कुनाचं, कुठून कुठवर. सगळं. सरकारने आपल्या कागदावरून खोडलं. तू तुझ्या कागदावर लिव. जमत असेल तर मूळ घे."

ती हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. "लिहीन," ती म्हणाली. "नमुना कुठला, हे लिहावंच लागतं. नकाशासकट लिहीन." 

हा माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा, असं मला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा तिची वाट बघायला लागले.

पहिल्या दोन्ही खेपांना ती स्वतः आली. बाबा फावड्याने ठोंबाभोवती चौकोन मारायचे आणि चिखलाचा गोळाच्या गोळा उचलून तिच्या पिशवीत ठेवायचे. दुसऱ्या खेपेला ती चहाला घरी आली. तिने एक मूळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर तांबूस गंज चढल्यासारखा थर होता.

"सडलंय," मी म्हटलं.

"नाही हो मावशी, हीच तर गंमत आहे. हे भात मुळाच्या टोकापर्यंत हवा पोचवतं. तिथून ती थोडी बाहेर झिरपते आणि चिखलातल्या लोखंडाला गंज चढतो. तो असा मुळावर बसतो. आणि आत बघितलं ना, तर बाहेरच्या पेशींच्या भिंती जाड असतात, मेणासारखा लेप दिल्यासारख्या. मीठ अडतं."

"भिंत म्हंजे केवढी? विटांची का कुडाची?" 

"केसाहून कितीतरी बारीक. पण मला वाटतं, नुसती भिंत नाही अडवत. भिंत, तो गंज आणि त्याला चिकटलेली माती, सगळं मिळून अडवतं. मूळ कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, हे तिथे सांगताच येत नाही. मला तीच जागा बघायचीय."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "लाल मूळ असलं की जमीन बरी हाय. कालं झालं, वास आला, की उघाडी उघडायची, पानी सोडायचं." 

ती वही काढून लिहून घ्यायला लागली. उघाडी म्हणजे काय, हे बाबा तिला हातवारे करून सांगत होते: बांधातली लाकडी दारं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला दारं आपोआप मिटतात. मी चहा गाळत होते. माझ्या कानात वेगळंच होतं. पहिल्या खेपेला जाताना ती म्हणाली होती, "तुमच्याकडून नेलं की दोन दिवस नुसती माती काढण्यात जातात मावशी. मऊ कुंचला आणि थेंब थेंब पाणी. मान मोडून येते." ते माझ्या डोक्यात राहिलं. बाकीचं राहिलं नाही.

दाणा भरत आला आणि डंपर आले. आमच्या पट्टीच्या उत्तरेकडून भराव पडायला लागला. मुकादम डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडात गुटखा. गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "मावशी, उद्या इथे गाडी खाली करायची. वरून ऑर्डर हाय."

"भात उभं हाय. डोले फुटले का तुझे?"

"भात काढा ना मग. मी काय करू? माझी पन नोकरी हाय." 

मी त्याच्यावर तासभर ओरडले. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग ओरडणं थांबवून मी त्याच्या माणसांकडे पाहिलं. दिघ्याहून आलेले पंधरावीस मजूर उन्हात बसले होते आणि टँकरच्या तळाचं गढूळ पाणी पीत होते. आमच्या घरामागे गोड्या पाण्याची विहीर आहे. मी म्हटलं, "पानी प्यायला काय देतोस रे यांना? गटाराचं?" पाच मिनिटांत सौदा झाला. काम संपेपर्यंत त्याच्या माणसांना आमच्या विहिरीचं पाणी. त्या बदल्यात आमच्या पट्टीला सोमवार सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

"सोमवार म्हंजे सोमवार हा मावशी," तो म्हणाला. "मंगलवार करू नका." 

"माझा शब्द एकच असतो," मी म्हटलं.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही भात कापलं. बाबांनी दोऱ्या बांधलेले बारा ठोंब तेवढे सोडले. ते तिने फुलोऱ्याच्या वेळीच निवडून ठेवले होते. रविवारी ती येणार होती. शनिवारी दुपारी शेजारच्या दुकानातल्या फोनवर मला बोलावणं आलं. तिला कावीळ झाली होती. आवाज असा की ओळखू येईना.

"मावशी, मला उठता येत नाही. सोमवारी सर लॅबमध्ये आहेत. ठोंब तुम्हीच न्याल का? बाबांना माहीत आहेत कुठले ते. ओल्या गोणपाटात…" 

"मना काय शिकवतेस? पंधरा वर्षं माल उचलते मी. पडून रहा गप."

"तसं नाही मावशी, फक्त ऐका, ती…"

"ऐकलं सगलं. उसाचा रस पी. ठेव फोन."

मी फोन ठेवला. तो मी ठेवला, तिने नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगताना अनेक वर्षं अशी सांगत आले, की तिने नीट सांगितलंच नाही. 

रविवारी उजाडताच बाबांनी बारा ठोंब उचलले आणि ते डोळे दाखवायला घणसोलीच्या दवाखान्यात गेले. मी चिखलाचे बारा गोळे विहिरीवर आणले. मनात आलं, ती पोरगी अंथरुणाला खिळलेली. बरी झाल्यावर मान मोडून दोन दिवस माती काढत बसणार. आपण इतकं तरी करावं. शिवाय एवढ्या मोठ्या कॉलेजात, तिच्या सरांपुढे आमच्या शेताचा माल चिखलात लडबडलेला जाणार? कागदावर आमचं नाव लागायचं होतं. 

बादल्या ओतल्या. चिखल गेला, तरी मुळांवरचा तांबूस रंग जाईना. मग मी भांडी घासायचा काथ्या घेतला. एकेक जटा हातात धरून घासली, उलटी, सुलटी. दुपारपर्यंत बाराच्या बारा ठोंबांची मुळं पांढरी झाली, कापसासारखी. मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून ओळीने मांडली. खरं सांगायचं तर मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले. इतका देखणा माल मी बाजारातही कधी लावला नव्हता.

बाबा परत आले. त्यांनी वाकून बघितलं, एक मूळ बोटात धरलं.

"गो, लाल कनाला काढलंस?"

"घान होती. पोरीचं दोन दिवसांचं काम वाचवलं."

"अंगावरचंच काढलंस गो त्यांचं. तिला तेच पायजे व्हतं ना?"

"तुमाला काय कलतं त्यातलं? डाक्टरने काय सांगितलं ते बोला."

त्यांनी मूळ खाली ठेवलं. माझ्यापुढे सगळे गप्प बसतात. तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. शेतात कापलेल्या भाताचे बुडखे तसेच चिखलात उभे होते. दोऱ्या बांधलेले नसले तरी त्याच शेतातले, त्याच भाताचे. फावडं भिंतीला टेकलेलं होतं. उजेड संपायला चार तास होते. नुसतं माझ्या बापाचं ऐकलं असतं तर चिखलासकट दुसरे बारा उचलता आले असते. 

सोमवारी सकाळी मी गोणपाट घेऊन मुंबईला गेले. तिचे सर साठीच्या जवळचे, बारीक, हळू बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. गोणपाट टेबलावर सोडलं आणि एकेक मूळ उजेडात धरून पाहिलं. 

"स्वच्छ हायत ना?" मी म्हटलं.

"फार स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "कुणी धुतली?"

"मी. काथ्याने."

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले. मग त्यांनी एका मुळाचा पातळ काप घेतला, काचेवर ठेवला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला सांगितलं. गोल गोल जाळी दिसली, मधे हवेच्या मोठाल्या पोकळ्या, अगदी जाळीदार पापडासारख्या. कडेला मात्र सगळं फाटलेलं होतं. चिंध्या लोंबत होत्या.

"या कडेच्या भिंतींवरच तिचं काम होतं," ते म्हणाले. "आणि त्यांना धरून असलेल्या मातीवर. ती माती ती कुंचल्याने काढते, पण टाकत नाही. प्रत्येक धुण्याचं पाणी बाटलीत भरून ठेवते. माती काढण्याचं कामच तिचा अभ्यास आहे." कपाटात बाटल्या होत्या. गढूळ पाण्याच्या, चिठ्ठ्या लावलेल्या, दोन ओळी. तिसरी फळी रिकामी होती.

मी ओरडले. "मग सांगायचं व्हतं! अडान्याला काय समजतं! तुमी शिकलेली मानसं अर्धं तोंडात ठेवता आनि मग आमाला दोष देता!" बाहेरची मुलं आत डोकावली. सर म्हणाले, "कुणी दोष देत नाही तुम्हाला." हे ऐकून मला आणखी राग आला. भांडणाऱ्याशी मला भांडता येतं. हा माणूस मला भांडायला काही देतच नव्हता.

मग त्यांनीच विचारलं, "शेतात अजून काही उभं आहे का? आज आणता येईल?" 

मी चहा तसाच टाकून निघाले. घणसोलीला रिक्षा मिळेना म्हणून शेवटचा भाग धावतच गेले. बाबा बांधावर उभे होते. पट्टीवर लाल मुरूम पडला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यावरून रोलर फिरत होता. मुकादमाने मला पाहून घड्याळावर बोट ठेवलं.

"मावशी, सोमवार बोल्ली व्हती ना? आपन शब्द पाळला. आठला चालू केलं, त्याआधी एक गाडी नाय."

"थोडी जागा उकर. एका कोपऱ्यात. मना बारा ठोंब दे." 

"आता कुठून देऊ? खाली पाच फूट गेलं ते. टेन्शन नका घेऊ. भात तर काढलं ना तुमी?"

त्याच्याशी घासाघीस करायला माझ्याकडे काही नव्हतं. पाणी मी आधीच देऊन बसले होते आणि त्याने त्याचं देणं पुरेपूर दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस बरोबर होता आणि मला त्याच्यावर हात टाकायला कुठेच जागा सापडत नव्हती. विहिरीवर त्याची माणसं पाणी पीत होती. मी जाऊन पायरीवर बसले. एकाने मलाच पेला भरून दिला.

ती बरी व्हायला दोन महिने लागले. आली तेव्हा ती एक शब्द वाकडा बोलली नाही. बाबांकडून बियाणं घेऊन गेली. खाडीतला चिखल बादल्यांतून नेला, कुंड्यांत राता लावला, मीठ घालून बघितलं. कुंडीतलं भात वाढलं, पण मुळांवर तो थर तसा बसला नाही, भिंतीही तशा जाड झाल्या नाहीत. शेतातल्या तीन नमुन्यांची साखळी होती. तिसरा नसल्यावर पहिल्या दोघांनाही काही अर्थ उरला नाही, असं तिने सांगितलं. सरांनी तिला दुसऱ्या जिल्ह्यातलं दुसरं भात घ्यायला लावलं. तिची दोन वर्षं गेली.

प्रबंध टाइपला जायच्या आधी ती एकदा गाळ्यावर आली. 

"मावशी, सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यात बाबांचं नाव घालते. तुमचंही."

"शेत?"

"शेत नाही येणार. त्यातलं काहीच प्रबंधात राहिलं नाही ना."

"आपलं काय ठरलं व्हतं?"

तिने समोरची एक जुडी उचलून परत ठेवली. मी म्हटलं, "शेत लिवायचं ठरलं व्हतं. आभार कनाला? आमी काय दिलं तुला? नको आभार." आणि मी पाठ फिरवून मेथीच्या जुड्या रचायला लागले.

बाजारात पाठ फिरवणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. पाठ फिरवली की समोरचा दोन पावलं जातो, थांबतो, परत येतो आणि थोडं वर चढतो. तिने दोन ओळी तरी जास्त द्याव्यात, एवढंच मला हवं होतं. बाबांच्या नावापुढे शेताची एक ओळ. तेवढ्यावर मी सौदा पक्का केला असता. मी चार जुड्या रचल्या, पाच रचल्या. वळून बघितलं तर ती गेलेली. साताऱ्याच्या शाळामास्तराची मुलगी. तिच्या घरात नको म्हणजे नको असेल. मी नको म्हटलं, तिने ते खरं मानलं. आभाराच्या पानावरही आमचं नाव आलं नाही. तिने माझी इच्छा पाळली.

मला आजही तिचा राग येतो. तिने फोनवर माझ्यावर ओरडायला हवं होतं. गाळ्यावर भांडायला हवं होतं. तिच्या जागी मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. हे मी मनात म्हणते आणि मला तो फोन आठवतो, मी ठेवलेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाबांचे डोळे जवळजवळ गेले. पेरायला काही नव्हतं. दिवसभर ते ओट्यावर बसायचे. भरावावर चार मजली इमारती चढत होत्या, त्यांचा आवाज त्यांना ऐकू यायचा. एका दुपारी मी बाजारातून येऊन पाय धुतले, तर ते म्हणाले, 

"त्या पोरीचं पुस्तक झालं का?"

"झालं."

"लिवलं का शेत?"

माझ्या तोंडात दुसरं काही आलंच नाही. "लिवलं."

"काय लिवलंय?"

मी ओट्याच्या कडेला बसले. म्हटलं, लिवलंय, तळवली गावच्या पश्चिमेला खाडीच्या बांधालगत शेत. राता नावाचं लाल भात. 

"लांबी?"

"लिवलीय."

"आनि मुळं लाल असतात ते?"

"ते पन."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ बोटांनी ओटा चाचपत राहिले. "उघाडीचं नाय सांगितलं तू. मी तिला समदं समजावलं व्हतं, दारं कशी मिटतात ते. ते लिवलं नाय का?"

"नाय वाटतं."

"मग शेत कसं समजनार वाचनाऱ्याला?" ते वैतागले. "उघाडीशिवाय खाराचं शेत नसतं. तिला सांग, ते घाल म्हनावं. दोन दारं, सागाची, मोठं खाडीच्या अंगाला. माझ्या बापाने बसवली. लक्षात राहील का तुझ्या?"

"राहील."

"परत सांगतो," बाबा म्हणाले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.